चार की पाच

अमेरिकेतल्या एका राज्याच्या डीओटीत, म्हणजे रस्ते-पुलांच्या खात्यात, मी पुलांचा हिशेब ठेवतो. पूल बांधत नाही. हे ऐकलं की चिपळूणकडच्या नातेवाइकांचा चेहरा पडतो, म्हणून हल्ली मी 'पुलांचंच काम' एवढंच सांगून चहाचा कप तोंडाला लावतो.

गोष्ट मे २०१८ ची आहे. त्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत प्रत्येक राज्याला आपल्या पुलांचं टार्गेट ठरवायचं होतं आणि हे पहिल्यांदाच होत होतं. ६ जुलै २०१२ ला ओबामांनी सही केलेल्या 'मॅप-२१' कायद्यात ही कल्पना होती. केंद्राचे पैसे घेता ना, मग राष्ट्रीय महामार्ग जाळ्यावरचे तुमचे किती टक्के पूल दोन वर्षांनी आणि चार वर्षांनी चांगले असतील आणि किती टक्के वाईट, ते आधी सांगा. नियमावली छापून यायला २०१७ उजाडलं. गंमत अशी की आकडा राज्याने स्वतःच ठरवायचा. केंद्र तो मंजूरही करत नाही आणि नामंजूरही करत नाही. विद्यार्थ्यानेच सांगायचं, मला किती मार्क पडणार ते.

पुलांना इथे ० ते ९ मार्क असतात. वरचा स्लॅब, त्याखालचे गर्डर, त्याखालचे खांब आणि पाया, असे तीन विषय. तिन्हींत ज्यात सगळ्यांत कमी, तो पुलाचा निकाल. ७ किंवा वर असेल तर 'चांगला', ५ आणि ६ 'बरा', ४ किंवा खाली 'वाईट'. गणितात नव्वद आणि इंग्रजीत चौतीस पडले तरी पोरगं नापास, तसंच. वाईट म्हणजे उद्या पडणार असं नाही. कितीतरी 'वाईट' पुलांवरून रोज ट्रक जातात, कारण त्यावरून किती वजन न्यायचं त्याचं गणित वेगळं असतं. पण वर्तमानपत्राला हे कोण समजावणार?

टक्केवारी पुलांच्या संख्येवर काढत नाहीत, वरच्या स्लॅबच्या क्षेत्रफळावर काढतात. ही मेख लक्षात ठेवा. ओढ्यावरचा ६० फूट लांब, ३० फूट रुंद पूल म्हणजे १,८०० चौरस फूट. नदीवरचा ३,००० फूट लांब, ६० फूट रुंद पूल म्हणजे १,८०,००० चौरस फूट. एक मोठा पूल पाचावरून चारावर घसरला, की ओढ्यावरचे शंभर पूल एका रात्रीत नापास झाल्यासारखं. पुन्हा वर १० टक्क्यांची टांगती तलवार. वाईट पुलांचं क्षेत्रफळ सलग तीन वर्षं त्याच्या वर राहिलं तर केंद्राच्या निधीतली ठरावीक रक्कम बाजूला काढून फक्त पुलांवरच घालावी लागते. मग रस्त्याची कामं रखडतात.

तर माझा आकडा तयार होता. प्रत्येक पूल किती वर्षांत एक मार्क खाली येतो त्याचे आलेख, चार वर्षांचं बजेट, चालू असलेली कंत्राटं, सगळं मांडून झालं होतं. स्लाइड्स छापल्या होत्या. आणि सोमवारी सकाळी डिस्ट्रिक्टच्या, पूल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरची मेल आली. नदीवरचा मोठा पूल, गर्डर, आधी ५, आता ४.

माझ्या आलेखात तो पूल आणखी सहा वर्षं पाचावर राहणार होता.

माझ्या वरिष्ठ बाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, "काठावरचा असेल तर एकदा विचारून बघ." यात दबाव होता असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर त्यांच्याआधी मलाच तो पाच हवा होता. दोन महिन्यांचं काम होतं ते. मी फोन लावला आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "पाच आणि चारच्या मधे आहे का हो?" इन्स्पेक्टर साठीच्या घरातला माणूस. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणतो. ते म्हणाले, "मधे काही नसतं. उद्या सात वाजता ये. बूट जाड घाल."

मंगळवारी सकाळी पुलावर एक लेन बंद करून स्नूपर उभा होता. हा एक ट्रक असतो. त्याचा लांब हात कठड्यावरून पलीकडे जाऊन पुलाच्या पोटाखाली वळतो, आणि टोकाला माणसं उभी राहतील अशी बादली असते. खाली नदी, डोक्यावरून अठरा चाकी ट्रक, आणि प्रत्येक ट्रकसरशी बादलीला हेलकावा. नोकरीच्या नऊ वर्षांत मी पूल एक्सेलमधे पाहिले होते. पोटाखालून हा पहिलाच.

काकांनी मला गर्डरच्या मधल्या भागाकडे नेलंच नाही. तो छान होता, रंगसुद्धा शाबूत. थेट टोकाकडे नेलं, जिथे गर्डर खांबावर टेकतो आणि वर रस्त्यात एक्सपान्शन जॉइंट असतो, म्हणजे उन्हाथंडीत पूल लांबतो-आखडतो त्यासाठी ठेवलेली फट. जॉइंटचं रबर फाटलेलं. हिवाळाभर बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारं पाणी त्या फटीतून थेट गर्डरच्या टोकावर गळतं. किती वर्षं गळत होतं, देव जाणे. काकांनी हातोडी मारली तर टण्ण आवाज आलाच नाही. भद्द असा आवाज झाला आणि हाताएवढी खपली निघून नदीत पडली. खाली पापुद्रे, चिरोट्याला असतात तसे. त्यांनी ते ब्रशने साफ केले, लोखंडाची जाडी मोजणारा अल्ट्रासॉनिक मीटर लावला आणि आकडा मोठ्याने वाचला. मग दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या.

"पुस्तकात ५ ला लिहिलंय, लोखंड किरकोळ झिजलंय," ते म्हणाले. "आणि ४ ला लिहिलंय, बरंच पुढे गेलेलं. तूच सांग, हे किरकोळ आहे?"

मी काय सांगणार? बादलीची कड दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

वर येताना त्यांनी १९६७ सालचं सांगितलं. १५ डिसेंबरला वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायोच्या मधला सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. लोखंडी दुव्यातल्या एका बारीक भेगेमुळे. त्यानंतर देशभर पूल तपासायचे नियम आले. पण मिनियापोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ ला पडला तेव्हा हे सगळे नियम होते, त्याला ४ मार्कही बरीच वर्षं होते. १३ जण गेले. कारण निघालं ते गंज नव्हेच. सांध्याच्या पोलादी प्लेटा डिझाइनमधेच अर्ध्या इंचाच्या धरल्या होत्या, त्या एक इंचाच्या हव्या होत्या. म्हणजे मार्कांनी सगळंच कळतं असंही नाही. हे काकाच म्हणाले, मी नाही. माझं तर पोट मार्कांवर चालतं.

संध्याकाळी ऑफिसात बसून सगळं पुन्हा मांडलं. एका पुलाने अख्खी ओळ हलवली. दोन वर्षांनीचा 'वाईट'चा आकडा आजच्यापेक्षा जास्त, चार वर्षांनीचा त्याहून जास्त. चाळीस तऱ्हांनी पैसे फिरवून पाहिले. सगळं बजेट वाईट पुलांवर ओतलं तर आकडा दोन वर्षं छान दिसतो. पण तेवढ्यात 'बरे' असलेले, पाच मार्कांवर लोंबकळणारे पूल चारावर येतात, आणि चौथ्या वर्षी आपण होतो त्याहून खाली. १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर दहा-पंधरा वर्षांत इंटरस्टेटचे, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांचे, हजारो पूल बांधले गेले. ते एकाच वयाचे, त्यामुळे म्हातारेही एकदमच होतायत. जॉइंट बदला, रंग द्या, स्लॅबवर थर चढवा, म्हणजे बरे पूल बरे राहतात. पण ह्या कामांनी 'वाईट'चा आकडा खाली येत नाही. फोटोही चांगला येत नाही. नव्या जॉइंटची फीत कापायला कोण येईल?

गुरुवारी शहरांच्या नियोजन मंडळांबरोबर बैठक होती. राज्याचा आकडा ठरला की त्यांनी सहा महिन्यांत ठरवायचं, आमच्या आकड्याला साथ द्यायची की स्वतःचा वेगळा मांडायचा. मी स्लाइड दाखवली. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमच्या करांच्या पैशातून पूल आणखी वाईट करायचं तुमचं ध्येय आहे."

हशा झाला. मीही हसलो. मग खपलीचा फोटो लावला. आकड्यांचं काही बोललोच नाही, फक्त पाणी कुठून गळतं ते दाखवलं, आणि तो जॉइंट बदलायला काय लागतं ते सांगितलं. गृहस्थ बसले. पटलं म्हणून बसले की कंटाळून, ते मला आजही माहीत नाही. वरिष्ठ बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि तो आकडा तसाच गेला.

रात्री आठला बाबांना फोन लावला. चिपळुणात पहाटेचे साडेपाच. ते उठलेले असतात. सरकारी अभियंता म्हणून उभं आयुष्य कोकणात काढलं, पावसाआधी आणि पावसानंतर पूल बघत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. तो त्यांच्याकडे कधीच नव्हता. तरी तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की ते उठून ओटीवर बसतात.

सगळं ऐकून म्हणाले, "आमच्या वेळी टार्गेट म्हणजे मार्चअखेर किती खर्च केला ते. तुमचं बरंय की. पण नापास होण्याचं टार्गेट? अरे, हे मी कुणाला सांगू?"

"नापास नाही हो बाबा. खरं तेवढंच लिहिलंय."

"ते असू दे. जॉइंट कधी बदलताय?"

"टेंडर निघायला ऑक्टोबर येईल."

"म्हणजे ह्या पावसात गळतच राहणार."

"इथे पावसाचं एवढं नसतं. थंडीत बर्फ पडतो, त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने खाल्लाय तो."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"मीठ?" बाबा म्हणाले. "आम्ही तीस वर्षं खाऱ्या वाऱ्याशी भांडलो रे. तुम्ही पुलावर स्वतःच्या हाताने टाकता?"