सांगली ते सॅन फ्रान्सिस्को किती तास?

आईबाबा पहिल्यांदा माझ्याकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला यायचे होते तेव्हा बाबांचा रोज फोनवर एकच प्रश्न, "अरे पण नक्की किती लांब आहे ते?" मी सांगितलं मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ रेषेत साधारण १३,५०० किलोमीटर. तर म्हणाले, "तास सांग रे, किलोमीटर घेऊन मी काय करू."

तिकीट होतं दुबईवरून. मुंबई-दुबई १,९०० किमीच्या वर थोडं, तीन तास. पुढे दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,००० किमी, सोळा तास. म्हणजे वाट वाकडी करूनही अंतर वाढतं जेमतेम चौदाशे किमी, वेळ खातं ते दुबईत बसून राहणं.

बाबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून मार्ग आधीच ठरवलेला, युरोप मग अटलांटिक मग अख्खी अमेरिका. मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं भाच्याचा पृथ्वीगोल आणा आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा. दोरा दुबईवरून सॅन फ्रान्सिस्कोवर ताणून धरला तर तो गेला थेट उत्तर ध्रुवाला खेटून! दुबई ५५ अंश पूर्वेला आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिमेला, बेरीज १७७, म्हणजे जवळजवळ गोलाची पाठच, मग वरून जाणंच सगळ्यात जवळचं. वारा आणि कुठल्या देशाची हवाई हद्द उघडी आहे ते बघून विमान थोडं इकडेतिकडे जातं ते वेगळं. आई लगेच, "मग स्वेटर हातातल्या बॅगेतच ठेवते."

बाबांची पुढची शंका, पृथ्वी फिरतेच आहे तर विमान वर नुसतं थांबलं तर अमेरिका आपोआप खाली येणार नाही का. (हा प्रश्न मी पण सातवीत विचारला होता आणि बाईंनी बाकावर उभं केलं होतं.) म्हटलं बाबा, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते ना, नाहीतर अंगणात उडी मारली की आपण शेजारच्यांच्या अंगणात पडलो असतो.

घड्याळाने मात्र दोघांना पार गुंडाळलं. दुबईहून सकाळी साडेआठला निघायचं आणि इथे त्याच तारखेला दुपारी दीडला उतरायचं, कारण उन्हाळ्यात कॅलिफोर्निया दुबईच्या अकरा तास मागे असतं. आई म्हणे सोळा तास बसायचं आणि घड्याळात पाचच होणार, मग बाकीचे अकरा गेले कुठे? म्हटलं परत जाताना वसूल होतात, सांगलीला पोचेपर्यंत तारखा दोन पुढे जातात.

पण मला विचाराल तर खरा हिशोब दारापासून दारापर्यंतचा. सांगलीहून दुपारी तीनला गाडी, आठ तास मुंबई, विमानतळावर चार, हवेत तीन, दुबईत चार, परत हवेत सोळा, मग इमिग्रेशन, बॅगा, घर असे अजून तीन. झाले अडतीस! त्यात उडणं फक्त एकोणीस, बरोब्बर निम्मं.

आता सांगलीत कोणी विचारलं की बाबा म्हणतात, "विमानाचं काही नाही हो, जेवण देतात, झोप लागते. आम्हाला खंबाटकी घाटातच दीड तास लागला."