अर्धा तुला, अर्धा मला

आमच्या लहानपणी व्हिडिओ गेममधली सगळ्यात अवघड लेव्हल म्हणजे टीव्ही मोकळा मिळणं. पंचवटीतल्या दोन खोल्यांत टीव्ही एकच. त्यावर आधी बाबांच्या बातम्या, मग आजीची मालिका. उरलेल्या वेळात कॅसेटला फुंकर मारून मारिओ लावावा, तर आतून आई ओरडायची, “पिक्चर ट्यूब जाईल हं!”

निन्टेंडो या जपानी कंपनीचा स्विच हा गेम कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, ३ मार्च २०१७ ला आला, तो मला या घरगुती तंट्यावरचा तोडगाच वाटला. टीव्हीला जोडलेल्या डॉकमध्ये, म्हणजे खोबणीच्या स्टँडमध्ये, बसवला की खेळ मोठ्या पडद्यावर. मालिका लागली की उचलायचा आणि गॅलरीत जायचं. खेळ होता तिथूनच त्याच्या ६.२ इंची पडद्यावर पुढे चालू.

ताकदीने तो बेताचाच. सोनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलच्या पासंगालाही पुरत नव्हता. पण त्याची खरी गंमत बरोबर नेता येण्यात. निन्टेंडोच्याच २०१२ च्या वी यू या कन्सोलच्या हातातल्या कंट्रोलरलाही पडदा होता, फक्त मूळ डब्यापासून फार लांब गेलं की तो बंद पडायचा. वी यू जगभरात जेमतेम १.३५ कोटी खपला. स्विचने १५ कोटींचा टप्पा ओलांडला. गंमत म्हणजे ‘मारिओ कार्ट ८’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ मुळात वी यूवरचाच. थोडी भर घालून तोच स्विचवर आणला, तर त्याच्या सहा कोटींहून जास्त प्रती गेल्या. खेळ तोच, फक्त आता तो बरोबर नेता येत होता.

बरोबर तर मोबाइलही येतो, असं कुणी म्हणेल. येतो की. पण मोबाइलचा अर्धा भाग काढून शेजाऱ्याला देता येत नाही. स्विचच्या दोन्ही कडांना जॉय-कॉन नावाचे छोटे कंट्रोलर असतात. एक सरकवून काढायचा, समोरच्याला द्यायचा, पडदा मागच्या टेकूवर उभा करायचा, की दोघांचा खेळ सुरू. मला त्याची सगळी करामत इथेच दिसते. आणि ती सुचली कुणाला, तर १८८९ साली क्योतोत पत्ते बनवायला निघालेल्या याच निन्टेंडोला. हानाफुदा नावाचे ते फुलांच्या चित्रांचे पत्ते. खेळ खिशात मावला पाहिजे आणि वाटता आला पाहिजे, हे त्या घराण्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

आपल्याकडे पत्त्यांचं विद्यापीठ म्हणजे पंचवटी एक्सप्रेस. नाशिकरोडला जागा धरायची, चौघांच्या गुडघ्यांवर बॅग आडवी टाकायची आणि डाव मांडायचा. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन त्या गाडीने दादरला निघालो होतो. स्विच त्याच्या बाबांनी दुबईहून आणलेला. देवळाली गेल्यावर त्याने तो बाहेर काढला. शेजारी एक पासधारक काका होते. त्यांच्या टोळीतले दोघे रजेवर, म्हणून डाव बसत नव्हता. बराच वेळ ते तिरक्या नजरेने बघत राहिले.

“काका, खेळता का?” भाच्याने एक जॉय-कॉन काढून त्यांच्या हातावर ठेवला.

“मला नाही रे जमायचं,” म्हणत काकांनी चष्मा सारखा केला आणि घट्ट धरला.

इगतपुरीला वडेवाला चढला तेव्हा तिसरी शर्यत चालू होती. काका तिन्हींत शेवटचे आले. रमीत हरल्यावर पानांना बोल लावतात, त्याच सुरात म्हणाले, “गाडीच धड आली नाही रे. पुन्हा वाट.”