लाँचरला वगळून

जुन्या लॅपटॉपवर खेळ सुरू करायचा म्हटलं की आधी पंखा घरघरायला लागतो. खेळ अजून उघडलेलाही नसतो. ही सगळी धाप लाँचरची, म्हणजे खेळ विकत घ्यायला, उतरवायला आणि सुरू करायला लागणाऱ्या प्रोग्रामची. टास्क मॅनेजरमध्ये पाहावं तर त्याच्या एकट्याच्या नावावर प्रोसेसची रांग. हल्लीचा लाँचर म्हणजे अर्धाअधिक ब्राउझरच. दुकानाची पानं, सवलती, मित्रांची यादी, सगळं दाखवायला हवं ना! चार जीबी रॅममध्ये त्याने ऐसपैस पथारी पसरली की उरलेल्या कोपऱ्यात खेळाने अंग चोरून बसायचं. आणि खेळ तरी कुठला? एक जीबीत सुखाने चालणारा.

स्टीम हे असंच लाँचरवालं खेळांचं दुकान. 2003 मध्ये ते आलं ते मुख्यतः खेळांचे अपडेट पोचवायला. पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ 2’ आला, आणि दुकानातून डिस्क आणली तरी स्टीमवर खातं काढल्याशिवाय तो चालेना. तेव्हा लोक चिडले, मग रुळले. सोय आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण लाँचर दर काही दिवसांनी नवा होत राहतो आणि लॅपटॉप आहे तिथेच राहतो. 1 जानेवारी 2019 ला स्टीमने विंडोज एक्सपीची साथ सोडली, 1 जानेवारी 2024 ला विंडोज 7 ची. एक्सपीसाठीच बनलेला खेळ एक्सपीवर चालायला आजही तयार असतो. आडवा येतो तो लाँचर.

म्हणून मी सरळ ‘स्टीमअ‍ॅप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरात शिरतो आणि खेळाची एक्झी, म्हणजे तो थेट सुरू करणारी फाइल शोधतो. लाँचरशिवाय खेळ चालू नये असं कुलूप लावायचं की नाही हे स्टीमवरही खेळ बनवणाराच ठरवतो, आणि बऱ्याच जणांनी ते लावलेलं नसतं. डबल-क्लिक केलं की स्क्रीन क्षणभर काळी होते, रिझोल्यूशन बदलतं, डेस्कटॉपवरचे आयकॉन घाबरून एका कोपऱ्यात गोळा होतात, आणि थेट मेन्यूचं संगीत. कोण ऑनलाइन आहे याची वर्दी नाही. किती तास खेळलो याचा हिशेब नाही, हे तर फारच उत्तम, पुरावाच नाही!

काही एक्झी मात्र पुन्हा लाँचरलाच हाक मारतात. तिथे मी नाद सोडतो, कुलूप फोडायला जात नाही.

लाँचर गुपचूप करायचा ती कामं आता आपल्या गळ्यात पडतात. एखादी डीएलएल, म्हणजे खेळाला लागणारी मदतनीस फाइल, सापडत नाही म्हणून खेळ रुसला, तर व्हिज्युअल सी++ किंवा डायरेक्टएक्स असं पूरक सॉफ्टवेअर आपणच बसवायचं; त्यांचे इन्स्टॉलर बहुतेकदा खेळाच्याच फोल्डरात पडलेले असतात. खेळातली प्रगती जपणाऱ्या सेव्ह फाइल्सचा तर खेळच वेगळा. कुणी खेळ त्या स्वतःजवळ ठेवतो, कुणी डॉक्युमेंट्समध्ये, कुणी अ‍ॅपडेटात, जो विंडोज मुळात लपवूनच ठेवतं. एकदा जागा सापडली की पेन ड्राइव्हवर कॉपी काढावी.

2008 पासून खेळ विकणाऱ्या जीओजी या ऑनलाइन दुकानात ही शोधाशोध वाचते: इन्स्टॉलर उतरवा, जपून ठेवा, संपलं. कॅलिफोर्नियात 2025 पासून लागू झालेला कायदा सांगतो की डिजिटल दुकानाने आपण फक्त परवाना विकतोय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. कायमची उतरवून ठेवता येणारी आणि ऑफलाइन चालणारी वस्तू मात्र त्यातून वगळली आहे. हल्ली खेळ घेताना मी ग्राफिक्सच्या आधी तेवढंच तपासतो. सवलत कितीही असो.