मळी आधी की भेंडी?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गेली अकरा वर्षे मी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतो. दर रविवारी सकाळी सराव परीक्षा असते आणि तिचा साचा मी कर्मचारी निवड आयोगाच्या पदवी स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यासारखा ठेवला आहे : इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. प्रश्नपत्रिका मी स्वतःच तयार करतो, कारण बाजारातल्या सरावसंचांमधले उतारे मुलांना इतके पाठ झालेले असतात की पहिले वाक्य वाचताच उत्तराचा पर्याय तोंडातून बाहेर पडतो. जानेवारीतल्या त्या रविवारीही वाक्यांचा क्रम लावण्याच्या प्रश्नासाठी मी नवा उतारा लिहिला होता आणि गुऱ्हाळांचा हंगाम असल्यामुळे गूळ कसा तयार होतो, हा विषय घेतला होता.

तोडलेला ऊस लगेच गाळला जातो, हे पहिले वाक्य जागेवरच दिलेले होते. पुढची चार वाक्ये पी, क्यू, आर आणि एस या अक्षरांखाली मांडली होती. रस मोठ्या काहिलीत, म्हणजे पसरट कढईत उकळतात, एवढेच पी मध्ये होते. क्यू मध्ये कामगार लांब दांड्याच्या झाऱ्यांनी मळी, म्हणजे रसावर येणारा गाळाचा फेस, काढत राहतात, असे होते आणि तिथे मळीच्या आधी ‘द’ होते. आर मध्ये तापलेल्या रसात भेंडीच्या खोडांचे चिकट पाणी घालतात आणि काळसर मळी वर येते, असे होते. तिथे मळीच्या आधी ‘ए’ होते. स्वच्छ झालेला पाक घट्ट झाला की थंड करायला ओततात, हा एस म्हणजे शेवट. सरळ क्रमही कधीकधी बरोबर असू शकतो हे मुलांच्या ध्यानात यावे, म्हणून उत्तर मुद्दाम पी-क्यू-आर-एस असेच ठेवले होते.

परीक्षा संपल्यावर मी उत्तरे वाचून दाखवू लागलो. या प्रश्नापाशी आलो तेव्हा शेवटच्या बाकावरून हात वर झाला. हा मुलगा पन्हाळा तालुक्यातला. त्याचे वडील गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारे कारागीर आहेत आणि हंगामात तोही रात्री गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी काम करून सकाळच्या एसटीने येतो. उकळता रस उडून भाजल्याचा रुपयाएवढा डाग त्याच्या डाव्या मनगटावर आहे. इंग्रजीच्या २५ प्रश्नांपैकी आठ-नऊच्या पुढे तो तोवर कधी गेलेला नव्हता आणि वर्गात आपणहून बोलल्याचेही मला आठवत नव्हते.

“सर, भेंडी घातल्याबिगर मळी वर येतीच कुठं? आधी काढणार तरी काय?”

वर्ग हसला. मी त्याला या प्रश्नाबाबत सगळेच शिक्षक सांगतात ते सांगितले, की गुऱ्हाळात प्रत्यक्ष काय होते याचा विचार इथे करायचा नसतो, फक्त समोरच्या वाक्यांत जे लिहिले आहे त्यावरूनच क्रम लावायचा असतो. हा सल्ला चुकीचा नाही. उताऱ्याचा विषय माहितीतला निघाला की मुले वाक्ये वाचायचीच थांबतात आणि हमखास फसतात, हे मी दरवर्षी पाहतो. तो खाली बसला, पण त्याचे समाधान झालेले नव्हते आणि ते तोंडावर दिसत होते.

मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तोच पहिल्या बाकावरची मंगळवार पेठेतली मुलगी उभी राहिली. वर्गात बहुतेक वेळा तिलाच सर्वाधिक गुण असतात. तिनेही पी-आर-क्यू-एस हेच उत्तर दिले होते आणि तिने गुऱ्हाळ आतून कधी पाहिलेले नव्हते. तिचे कारण निराळे होते : मळीचा पहिला उल्लेख ‘ए’ ने झाला पाहिजे आणि नंतरचा ‘द’ ने, मग क्यू हे आर च्या आधी कसे येईल?

मी कागद पुन्हा वाचला आणि चूक कुठे झाली ते मला तिथल्या तिथे आठवले. आदल्या रात्री आर हे वाक्य फक्त भेंडीचे पाणी घालण्यापर्यंतच होते. क्यू आणि एस च्या मानाने ते फारच तोकडे दिसते, म्हणून टंकलेखन करतानाच मी ‘आणि काळसर मळी वर येते’ एवढे शेपूट जोडले आणि उत्तरतालिका मात्र जुनीच राहिली. गुळाच्या कृतीबद्दल माझ्या डोक्यात जे अर्धवट होते (रस उकळायचा, फेस काढायचा, मग केव्हातरी भेंडी), तेही त्या मुलाच्या एका वाक्याने उघडे पडले. भेंडीच्या चिकट पाण्यात रसातला गाळ धरला जातो आणि म्हणूनच तो मळी होऊन वर तरंगतो, हे कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवे होते.

चूक कबूल केली, पण प्रकरण तिथे मिटले नाही. ३८ पैकी १९ जणांनी माझ्या तालिकेप्रमाणे उत्तर दिले होते. त्यांच्यातल्या बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाने बिनतोड वाटावी अशी हरकत काढली : पी मध्ये रसाच्या आधी ‘द’ आहे, पण त्याआधी रसाचा उल्लेखच कुठे झालेला नाही. तिथे जर उल्लेखावाचून ‘द’ चालतो, तर रस उकळल्यावर मळीलाही का चालू नये?

आर्टिकल म्हटले की आपल्याकडे ‘ॲन अवर’ आणि ‘ए युनिव्हर्सिटी’ यांवरच तास संपतो. उच्चाराचा तो नियम शिकवायला सोपा आणि प्रश्न काढायलाही सोपा, पण उतारा लावताना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. या हरकतीने मात्र आर्टिकलचे खरे काम फळ्यावर आणले. मी म्हटले, “काल एका लग्नाला गेलो होतो, नवरदेव तासभर उशिरा आला, असे कोणी सांगितले, तर कोणता नवरदेव असे तुम्ही विचारता का? लग्न म्हटले की नवरदेव आलाच. तसा ऊस गाळला की रस आला, म्हणून तिथे ‘द’ चालतो. उकळणाऱ्या रसाची मळीही तशी चालली असती. म्हणजे एकट्या क्यू कडे पाहिले, तर तुझे म्हणणे बरोबर आहे.”

निकाल ‘द’ वर लागतच नव्हता, तो आर मधल्या ‘ए’ वर लागत होता. ओळखीच्या वस्तूला ‘द’ मिळतो आणि ओळख व्हायला मागचे वाक्य असलेच पाहिजे असे नाही. पण एकदा ओळख झालेल्या वस्तूला पुन्हा ‘ए’ लावून नव्याने पुढे करता येत नाही. मराठीत आर्टिकल नाही, तरी हे काम आपणही करतोच. मी कहाणीची सुरुवात फळ्यावर लिहिली : आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. मग दुसरे आणि तिसरे वाक्य उलटे करून लिहिले. राण्या आधी आणि ‘एक राजा’ नंतर, हे वाचल्यावर राजे दोन झाले, असे मागून कोणीतरी म्हणाले. माझ्या तालिकेप्रमाणे क्रम लावला, तर काहिलीत मळीही दोन होत होत्या, एक काढून टाकलेली आणि एक नंतर वर आलेली. हरकत काढणारा ते पाहून खाली बसला. त्याचे मन वळले की तो नुसता थकला, हे मला नक्की सांगता येणार नाही.

प्रत्यक्ष परीक्षेत तालिकेवर आक्षेप घ्यायचा तर प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरावे लागते, आमच्याकडे ते फुकट आहे. सगळे कागद परत घेऊन मी गुण बदलले, जुन्या उत्तराचा अर्धा गुण कोणाचाही कापला नाही आणि दुपारचे जेवण चार वाजता झाले.

तोपर्यंत पन्हाळ्याचा मुलगा थांबून राहिला होता. त्याचा हा प्रश्न बरोबर आला होता, पण एकूण बरोबर प्रश्न नऊच होते. रिझर्व्ह बँकेवरच्या उताऱ्यात तर त्याला पहिले वाक्यही सापडले नव्हते, कारण तिथे वडिलांचे काम मदतीला येणार नव्हते. मी तो उतारा त्याच्यापुढे ठेवला आणि अर्थाकडे न पाहता आधी सगळे ‘ए’ शोधून त्यांभोवती गोल करायला सांगितले, मग प्रत्येकाचा ‘द’ कुठे येतो ते रेघेने जोडायला. त्याने क्रम बरोबर लावला. चार मिनिटे लागली. २५ प्रश्नांना १५ मिनिटे धरली, तर एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात. पण ते त्या दिवशी मी त्याला सांगितले नाही.

एका गोलापाशी त्याचे पेन अडले होते. ‘ए लॉट ऑफ मनी’ मधल्या ‘ए’ भोवतीही त्याने इमानाने गोल केला होता आणि त्याची रेघ कागदाच्या कडेपर्यंत जाऊन थांबली होती.

“सर, ह्यो लॉट पुढं परत कुठंच येत न्हाई की.”

पाच वाजताची गाडी चुकेल म्हणून त्याला मंगळवारी यायला सांगितले.