वसतिगृहाच्या पत्त्यावर मतदार होताना

2023 च्या पावसाळ्यात मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय राज्यशास्त्र. घटनेच्या कलम 326 वर, म्हणजे प्रौढ मताधिकारावर, दहा मार्कांचं उत्तर न बघता लिहून दाखवलं असतं. पण वय 19 होऊनही माझं नाव देशातल्या कुठल्याच मतदार यादीत नव्हतं. वर्गातल्या बहुतेकांची तीच गत होती.

आमच्या कॉलेजात मतदार साक्षरता मंडळ आहे. निवडणूक आयोगाने 2018 पासून शाळा-कॉलेजांत अशी मंडळं सुरू केली. बऱ्याच ठिकाणी त्यांचं काम 25 जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनाला, शपथ घेण्यापुरतं चालतं. आमच्या मंडळाचं काम बघणाऱ्या सरांनी त्या वर्षी भाषण केलंच नाही. फळ्यावर चार तारखा लिहिल्या: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. म्हणाले, यातल्या ज्या तारखेला तुम्हाला 18 पूर्ण झालेली असतील, त्या तारखेपासून तुम्ही मतदार होऊ शकता. 2022 पर्यंत 1 जानेवारी ही एकच तारीख होती; 2 जानेवारीला जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. आता तर 17 पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. मग त्यांनी विचारलं, "नाव कुठं घालणार? गावाकडं की इथं?"

मला वाटतं, नागरिकशास्त्राचा इतका खरा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता.

माझं गाव सांगोला तालुक्यात, वसतिगृह सोलापुरात पुणे नाक्याकडे. जिल्हा एकच, पण मत मात्र पार वेगळीकडे जातं. सांगोला विधानसभा मतदारसंघ माढा लोकसभेत येतो. सोलापूर शहराचं तर आणखीनच निराळं. शहर उत्तर आणि शहर मध्य असे दोन मतदारसंघ आहेतच, शिवाय जुळे सोलापूरसारखा भाग दक्षिण सोलापुरात मोडतो. आमच्या वर्गातल्या पक्क्या सोलापूरकरांनाही आपला आमदार कुठला, हे यादी उघडून बघावं लागलं.

कायद्यात अट आहे ती त्या जागी 'सामान्यतः राहत' असण्याची. शिकायला बाहेर राहणाऱ्यांना आयोगाने मोकळीक दिली आहे. आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी कुठेही नाव घालता येतं. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि वसतिगृहाचा पत्ता द्यायचा तर प्राचार्यांचं ठरलेल्या नमुन्यातलं बोनाफाईड जोडायचं. मात्र नाव एकाच ठिकाणी. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

मी फोनवर आप्पांना सांगितलं की नाव सोलापुरात घालणार आहे. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोलापुरात तुझं काय हाय? शिकून झालं की येणारच की माघारी. हितं ग्रामपंचायतीला एक एक मत मोलाचं असतंय." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्याच यादीतून वॉर्डाप्रमाणे फोडून बनते. विधानसभेला नाव सोलापुरात गेलं की गावच्या ग्रामपंचायतीतलं मतही गेलं. आमच्याकडे सदस्य पाच-सात मतांनी पडतो आणि त्यावरून भावकीत पाच वर्षं बोलणं बंद राहतं. एका नातलगाने तर सहज सुचवलं, "दोन्हीकडं टाक की नाव, कोण बघतंय?" त्यांना मी सरळ नाही म्हटलं.

मी बरेच दिवस विचार केला. गाव माझं आहे, तिथली माणसं माझी आहेत. पण वर्षातले दहा महिने मी सोलापुरात असते. उजनी धरण भरलेलं असलं तरी इथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हे मी भोगते. वसतिगृहासमोरचा दिवा बंद असला की संध्याकाळी क्लासहून परतताना भीती मला वाटते. त्या दिव्याबद्दल ज्याच्याकडे जायचं, त्याला निवडण्यात माझा वाटा नसेल तर मी त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू? महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी हीच वापरतो, फक्त प्रभागाप्रमाणे फोडून. हे सगळं आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "कर तुझ्या मनानं. पर नाव घातलं तर मत टाकायला जायचं बघ. घरात बसायचं न्हाई."

पहिली अडचण कॉलेजातच आली. ऑफिसात बोनाफाईड मागितलं की शिष्यवृत्तीसाठीचं, नाहीतर एसटीच्या पाससाठीचं छापील बोनाफाईड मिळतं. मतदार नोंदणीसाठीच्या नमुन्यात विद्यार्थी कुठल्या वसतिगृहात राहतो आणि कुठल्या अभ्यासक्रमाला आहे, हे लिहावं लागतं. असा नमुना कुणी मागितलाच नसल्याने तो ऑफिसात नव्हता. सरांनी तो छापून दिला तेव्हा प्राचार्यांची सही झाली. वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमना वेगळीच काळजी होती. मुलींची नावं या पत्त्यावर आली की निवडणुकीत कार्यकर्ते स्लिपा वाटायला दारात येतील, मग सुरक्षेचं काय? ही काळजी मला अजूनही रास्त वाटते. शेवटी असं ठरलं की स्लिपा फाटकावरच घ्यायच्या, आत कुणाला सोडायचं नाही.

फॉर्म 6, म्हणजे नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज, मी मोबाइलवरच, व्होटर हेल्पलाइन ॲपमधून भरला. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, पत्त्यासाठी ते बोनाफाईड, आणि फोटो. पैसे लागत नाहीत. अर्ज गेला की संदर्भ क्रमांक येतो, तो जपून ठेवायचा. अर्ज कुठे अडलाय हे त्यावरूनच कळतं.

पुढे बीएलओ मॅडमचा फोन आला. बीएलओ म्हणजे आपल्या यादी भागाचा, म्हणजे एका मतदान केंद्राच्या यादीचा, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. बहुतेक ठिकाणी शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका हे काम करतात. या मॅडम अंगणवाडीच्याच होत्या. सकाळची अंगणवाडी आटपून उन्हात चालत आल्या होत्या. त्यांनी भाडेकरार नाहीतर लाइट बिल मागितलं. वसतिगृहातली मुलगी लाइट बिल कुठून आणणार? मी आयोगाच्या सूचनेची छापील प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती शांतपणे वाचली, वरच्या ऑफिसला फोन लावला, वसतिगृहाचं रजिस्टर बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई दाखवलंस. बाकीच्या पोरींचं पण असंच करू." त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या इच्छुक मुलींची पडताळणी त्यांनी बसून पूर्ण केली. नंतर अर्जांची यादी लागली, हरकतींसाठीचे सात दिवस गेले आणि नाव मंजूर झालं. ओळखपत्र पोस्टाने आलं.

माझ्यापुरतं काम झालं होतं. पण त्यात शिकले ते मंडळाच्या उपयोगी पडणार होतं. दरवर्षी आमची रॅली चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपर्यंत जाते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. त्याआधीच्या मे महिन्यात या शहराने इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला होता. त्या पुतळ्यांपुढे उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो. पण रॅलीने कुणाचं नाव यादीत चढत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की घोषणांबरोबर नोंदणीच्या मदतीचं टेबलही लावायचं, आणि तेही शहराच्या पूर्व भागात, जिथे अडचणी जास्त आहेत.

माझी एक मैत्रीण त्याच भागातली. घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. आधारवर पत्ता जुना, साखर पेठेतला. राहायला आता नीलम नगरकडे, भाड्याच्या खोलीत. मालक नोंदणीकृत भाडेकरार द्यायला तयार नाही; त्याला कर आणि कब्जा दोन्हींची धास्ती. लाइट बिल मालकाच्या नावावर, पासबुकावर पत्ता जुनाच. पत्त्याच्या पुराव्यांची यादी घेऊन आम्ही बसलो, तेव्हा एकेक ओळ पुसत शेवटपर्यंत आलो. तिची आई म्हणाली, "आमचं घरच नाही, मग मत कुठलं?"

त्या वाक्यानं मला फार लागलं. कारण कायदा असं म्हणत नाही. मतदार व्हायला घर मालकीचं असावं लागत नाही, तिथे राहत असावं लागतं. फॉर्म 6 मध्येच लिहिलंय की यादीतला एकही पुरावा नसेल तर प्रत्यक्ष जागेवर पडताळणी व्हायलाच हवी, आणि दुसरं कुठलं कागदपत्र असेल तर तेही जोडता येतं. अगदी उघड्यावर झोपणाऱ्यांसाठीसुद्धा सूचना आहे की बीएलओने रात्री जाऊन ते तिथेच झोपतात याची खात्री करावी. पत्त्याचा कागद मागू नये. आम्ही मैत्रिणीच्या अर्जाबरोबर आईच्या विडी कामगार ओळखपत्राची प्रत लावली आणि बीएलओंना फोन करून घरी यायची वेळ ठरवली. ते आले तेव्हा शेजारच्या चार घरांतल्या बायकांनी येऊन सांगितलं, ही पोर इथंच राहते. नाव आलं.

फक्त आडनावातल्या 'डा'चा 'दा' झाला होता. इंग्रजीत नाव टाकलं की मराठी आपोआप उमटतं, आणि तेलुगू-कन्नड आडनावांची त्यात फार मोडतोड होते. सोलापुरात हे घरोघरी दिसेल. अर्ज पाठवण्याआधी मराठीतलं नाव अक्षर अक्षर वाचून हातानं दुरुस्त करायचं, हे आम्ही टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. आधीच चुकलेलं असेल तर फॉर्म 8. पत्ता बदलला असेल तरी तोच फॉर्म. नव्या ठिकाणी नाव लागलं की जुन्या ठिकाणचं काढलं जातं. मैत्रिणीच्या आईचं नाव अजून साखर पेठेतच होतं, ते आम्ही फॉर्म 8 भरून हलवलं.

टेबलावर येणाऱ्या काही वयस्कर बायका नाव विचारलं की आधी नवऱ्याचं सांगायच्या. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगितल्यामुळे जवळपास 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली होती. वर्गात हा आकडा ऐकला तेव्हा तो जुना वाटला होता. कन्ना चौकात, ऊन चढलेलं असताना, एका आजींना तिसऱ्यांदा "तुमचं नाव सांगा, अक्का" असं विचारताना तो जुना राहिला नाही. त्यांनी नाव सांगितलं, आणि मग कागदावर कसं लिहिलंय ते दाखव म्हणाल्या.

7 मे 2024 ला सोलापूर आणि माढा दोन्हीकडे मतदान होतं. वसतिगृहातल्या आम्ही सगळ्या सकाळी सातलाच रांगेत होतो, कारण सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन दहानंतर उभं राहू देत नाही. बाहेर आल्यावर आप्पांना शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. त्यांनी गावच्या केंद्राबाहेरचा त्यांचा पाठवला.

आता मी केगावच्या विद्यापीठात एमए करते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 2004 मध्ये या एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालं. अकरा तालुक्यांतली पोरं इथे येतात, म्हणजे "गाव की शहर" हा माझा प्रश्न त्यांच्यातल्या कित्येकांचा आहे. माझं स्पष्ट मत आहे की लोकशाहीवरचं व्याख्यान ठेवायच्या आधी प्रत्येक विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना मतदार यादी उघडून दाखवावी. प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला तपासतोच; तिथेच 17 पूर्ण झालेल्या प्रत्येकाला फॉर्म 6 आणि बोनाफाईडचा तो नमुना हातात द्यायला काय हरकत आहे? राज्यशास्त्राच्या अंतर्गत गुणांत एक यादी भाग वाचणं, एका बीएलओबरोबर एक दिवस फिरणं हे धरलं, तर त्या दिवसात मुलं जे शिकतील ते गाइडमध्ये सापडणार नाही.

जुन्या कॉलेजच्या मंडळाशी माझा संबंध सुटलेला नाही. आता तिथल्या ऑफिसात तो नमुना कायमचा ठेवलेला असतो. सध्या एका ज्युनिअर मुलीचं प्रकरण चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत पडताळणी झाली, ती गावी गेलेली, आणि "पत्त्यावर आढळली नाही" म्हणून अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीच्या आदेशावर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही न्याय मिळाला नाही तर पुढे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत. तिने अपील मुदतीत दाखल केलंय, ते तिने स्वतः लिहिलंय, मी फक्त कलमं तपासून दिली. सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. तिच्याबरोबर वसतिगृहाचं हजेरी रजिस्टर घेऊन रेक्टर मॅडम येणार आहेत, आणि मीही.