स्टीअरिंगचा 'कट्ट' आणि जॉबकार्डवरचे दोन शब्द

सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी मागे घेताना स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की पुढून 'कट्ट' असा आवाज यायचा. कधी त्याच्या पाठोपाठ ताणलेली तार सुटावी तसा 'टंग्'. पावसाळा संपता संपता हे सुरू झालं. नाशिकच्या गंगापूर रोडला गाडी पळत असताना काही नाही, खड्ड्यातून गेली तरी काही नाही. गाडी जवळजवळ उभी आणि स्टीअरिंग फिरतंय, तेव्हाच.

हे सगळं मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर असंच्या असं सांगितलं होतं. तिथल्या मुलाने मान डोलावली आणि जॉबकार्डवर, म्हणजे गाडीच्या तक्रारी नोंदवायच्या कागदावर, टाइप केलं: 'स्टीअरिंग नॉइज'. पुढचा सव्वा महिना मी हेलपाटे घातले ते या दोन शब्दांपायी.

पहिल्या वेळी अडीच तास बसवून ठेवलं. टेस्ट ड्राइव्हला मी सोबत येते म्हटलं, तर 'गरज नाही मॅडम'. मेकॅनिक एकटाच हायवेच्या सर्व्हिस रोडला सरळ फेरी मारून आला. सरळ रस्त्यावर हा आवाज येतच नाही, तर त्याला ऐकू येणार कुठून? कार्डवर शेरा पडला, 'तक्रार आढळली नाही', आणि गाडी धुऊन माझ्या हातात दिली. पार्किंगमध्ये लावताना पुन्हा कट्ट.

दुसऱ्या वेळी न विचारता लिंक रॉड (सस्पेन्शनमधल्या जोडदांड्या) बदलले, २,६०० रुपये. लिंक रॉड गेला की स्टीअरिंग सरळ असतानाही खराब रस्त्यावर खडखड होते, हे मला नंतर कळलं. पण ज्याचं रोजचं काम तेच आहे, त्याला ते माहीत असायला हवं होतं. तिसऱ्या वेळी दुपारी फोन आला, 'मॅडम, रॅक गेलाय, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, २८,०००च्या आसपास जाईल.' रॅक म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा दांडा. मी म्हटलं, मी येते, प्ले (ढिलेपणा) कुठे आहे ते दाखवा. तर वर्कशॉपमध्ये कस्टमरला सोडत नाहीत म्हणे. वर, 'सरांना एकदा बोलायला सांगा.' गाडी माझ्या नावावर आहे, रोज मी चालवते, आवाज मी ऐकला. सरांनी येऊन काय सांगायचं होतं? एस्टिमेटवर सही न करता गाडी घेऊन निघाले. आजही तो फोन आठवला की डोकं तापतं. पैशांपेक्षा जास्त याचा राग आहे की तीन फेऱ्यांत एकदाही कोणी माझ्यासमोर उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवून पाहिलं नाही.

अंबडला एक गॅरेज आहे, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं. तिथल्या मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'ताई, आवाज चालताना की उभ्याने?' मला तिथेच हायसं वाटलं. त्यांनी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, माझ्या मुलीला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि 'हळूहळू फिरव बेटा' म्हणत स्वतः पुढच्या उजव्या चाकाच्या वरून आत हात घातला. मग मला बोलावलं. 'स्प्रिंगवर बाहेरून तळवा ठेवा, वेढ्यांत बोट घालू नका.' मुलीने स्टीअरिंग फिरवलं. स्प्रिंग आधी जागची हललीच नाही, ताणली गेली, आणि मग हाताखाली एकदम झटका देऊन फिरली. कट्ट. सव्वा महिना जे शोधत होते ते तळहातावर जाणवलं. डाव्या बाजूची स्प्रिंग मात्र मुकाट फिरत होती.

दोष शॉकअपच्या वरच्या माउंटखालच्या (शॉकअप गाडीला जिथे बसतो त्या भागाखालच्या) बेअरिंगचा होता. चाक वळतं तेव्हा स्प्रिंगने या बेअरिंगवर सहज फिरायचं असतं. ते जाम झालं की स्प्रिंग पिळली जाते आणि झटक्याने सुटते. काढल्यावर बघितलं, आत ग्रीसच्या जागी गंजाची तपकिरी माती. पावसाचं पाणी शिरलं होतं. रॅकला काही झालेलं नव्हतं. दोन्ही बाजूंची माउंट आणि बेअरिंग बदलली, मजुरीसकट ४,३०० रुपये, एका दुपारीत काम. हे घरी करायला जाऊ नका, दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतू शकतं.

दरम्यान शेजारच्या काकांनी 'स्टीअरिंगचं ऑइल टाक' असं सांगितलं होतं. माझ्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आहे, त्यात ऑइल नसतंच. ज्यांच्या गाडीला ऑइलवालं आहे त्यांना वळवताना 'घूंऽऽ' ऐकू आलं तर आधी डबीतली पातळी बघा. पूर्ण वळवून पिकअप दिल्यावर टकटकटक येत असेल तर एक्सलचा जॉइंट बघायला सांगा, त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलेलं बहुतेक दिसेलच. आणि आवाजासोबत स्टीअरिंग ढिलं लागत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) किंवा बॉल जॉइंट (चाक धरून ठेवणारा सांधा) निसटला तर चाकावर ताबा राहत नाही.

जॉबकार्डवर सही करण्याआधी 'उभ्या गाडीत, उजवीकडे वळवताना, पुढून' असं स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा. मोबाइलवर आवाजाचा व्हिडिओही घ्या, मी तो तिसऱ्या फेरीनंतर घेतला.

एक सांगायचं राहिलं. स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगची जोडणी, उतरवला की चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी लागते. मामांनी सांगूनही मी दोन दिवस टाळलं, तर त्र्यंबक रोडला गाडी डावीकडे ओढायला लागली. सातपूरला ५०० रुपयांत करून घेतली.