पैसे गेले कुठे?

जुन्या हॉटेलांच्या दुरुस्तीत एवढे पैसे जातात कुठे, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. जुन्या, नावाजलेल्या हॉटेलांमधल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी नव्याने टाकून देणं हा माझा धंदा. दुरुस्तीनंतर हॉटेल उघडलं की कुणी ना कुणी मला लॉबीत गाठतंच. कधी मालकाचे व्याही, कधी वर्षानुवर्षं येणारे पाहुणे. "दोन वर्षं बंद होतं, एवढा पैसा ओतला म्हणता, मग दिसत का नाही काही? झुंबर तेच, जिना तोच, फरशीसुद्धा तीच. पैसे गेले कुठे?"

भिंतीत गेले.

माझ्या गाडीत जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा कायम पडलेला असतो. बाहेरून बघाल तर धडधाकट. आडवा कापलेल्या तोंडाकडे बघाल तर दीड इंची पाइपातून पेन्सिल जेमतेम जाईल. आत गंजाचे थरावर थर, तपकिरी, मध्येच काळपट, आणि नखाने खरवडलं की पापुद्रे सुटतात. खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की चौथ्या मजल्यावर अंघोळ करणाऱ्याला चटका का बसतो, ते या तुकड्यात दिसतं. थंड पाण्याला यायला वाटच उरलेली नसते. असे पाइप चाळीस-पन्नास वर्षं चालतात. पण बऱ्याच हॉटेलांत ते त्याहून कितीतरी जास्त चालवलेले असतात, कारण गळती लागली तेवढाच तुकडा बदलायचा, ही रीत. त्यात कुणीतरी लोखंडाला सरळ तांबं जोडून ठेवलेलं असतं आणि त्या सांध्याशी लोखंड जास्त वेगाने खाल्लं जातं.

मालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "एकेक मजला बंद करू, बाकी हॉटेल चालू राहू दे." ऐकायला शहाणपणाचं आहे, पण पाइप आडवे जात नाहीत, उभे जातात. २०४ च्या वर ३०४, त्यावर ४०४, सगळ्यांची न्हाणीघरं एकावर एक आणि मागे एकच शाफ्ट, म्हणजे पाइपांसाठीची उभी पोकळी. दुसरा मजला बंद करून त्याचे पाइप बदलता येत नाहीत. खोल्यांची अख्खी उभी रांग बंद करावी लागते. आणि ती बंद केली तरी ड्रिलचा आवाज भिंतीभिंतीतून इमारतभर फिरतो. रिसॉर्टमध्ये माणूस शांतता विकत घ्यायला येतो. सकाळी नऊला उशाशी ड्रिल सुरू झालं की तो परत येत नाही, आणि न येण्याचं कारण चार जणांना सांगतो ते वेगळंच. म्हणून मी अलीकडे स्पष्टच सांगतो, पूर्ण बंद करा. त्यात कमाई थांबते आणि कर्जाचं व्याज चालू राहतं, हे मलाही कळतं.

शिवाय भिंत उघडेपर्यंत आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचं उदाहरण या धंद्यात सगळे देतात. डिसेंबर २००७ मध्ये बंद केलं, सोळा महिन्यांत उघडायचं ठरलं होतं, उघडलं ऑक्टोबर २०१० मध्ये. १० कोटी पौंडांचा अंदाज २२ कोटींवर गेला. असलं काही वाचलं की मालक लोक कंत्राटदाराला शिव्या देतात. मला मात्र अंदाज देणाऱ्याची कीव येते. जुन्या इमारतीचे नकाशे म्हणजे बांधणाऱ्याचे मनसुबे. नंतरच्या ऐंशी-नव्वद वर्षांत कुणी कुठे काय वळवलं, ते एखाद्या म्हाताऱ्या प्लंबरच्या डोक्यात असतं, आणि तो नेमका मागच्या वर्षी निवृत्त झालेला असतो.

माझीही एक फजिती सांगतो. उमेदीच्या काळात एका हॉटेलात तक्रार होती की वरच्या मजल्यांवर पाण्याला जोर नाही. मी हुशारी करून नवा, दणकट पंप बसवला. दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या रात्री जुन्या लाइनीत गंजानेच बुजवून धरलेली भोकं मोकळी झाली आणि पहाटे बॉलरूमच्या छताची नक्षी प्लास्टरसकट खाली आली. नशिबाने खाली कुणी नव्हतं. उरलेल्या नक्षीवरून साचा काढून ती पुन्हा ओतून घ्यायला सात महिने लागले. चूक शंभर टक्के माझी होती. तेव्हापासून आधी पाइप, मग पंप, आणि रंगाचा डबा सगळ्यांत शेवटी.

पाणी एवढं काय करणार, असं वाटत असेल तर वेस्ट बाडेन स्प्रिंग्जचं ऐका. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं हे हॉटेल १९०२ चं, मधोमध सुमारे २०० फूट व्यासाचा घुमट आणि त्याभोवती गोलाकार खोल्या. मंदीत, १९३२ साली हॉटेल बंद पडलं. नंतर तिथे पाद्र्यांचं विद्यालय झालं, मग कॉलेज, मग नुसतीच रिकामी इमारत. जानेवारी १९९१ मध्ये छपरावर आणि पावसाच्या पाइपांमध्ये पाणी साचून गोठलं आणि बाहेरच्या भिंतीचा एक भाग कोसळला. पुढे एका उद्योजक कुटुंबाने पैसा घातला आणि २००७ मध्ये तिथे पुन्हा पाहुणे उतरले. घुमट डौलात उभा होता, घात केला तो पन्हाळीने.

दुसरं भय याहून वाईट, कारण ते आवाज करत नाही. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बेल्व्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यातले २९ जण न्यूमोनियासारख्या आजाराने गेले. पुढच्या जानेवारीत जंतू सापडला, त्याला 'लीजनेला' असं नाव पडलं. संशय वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरवर होता, पण हा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात कुठेही वाढतो, साधारण २० ते ४५ अंशांत. आता विचार करा, जुन्या हॉटेलात दर नूतनीकरणात कुणीतरी एखादं न्हाणीघर काढून टाकलेलं असतं आणि त्याचा पाइप नुसती टोपी लावून भिंतीत सोडून दिलेला असतो. त्यात पाणी नुसतं साचून राहतं. आम्ही त्याला डेड लेग म्हणतो. अशी टोकं शोधून मुळापासून कापायला आमचे दिवसच्या दिवस जातात. बिल बघून मालक विचारतात, "म्हणजे तुम्ही पाइप काढलेत, त्याचे पैसे?" हो, काढल्याचेच.

आगीचं काम माझं नाही, तरी एक गोष्ट सांगतो. जुन्या खोल्यांच्या दारांवर काचेच्या झडपा असायच्या, हवा खेळती राहावी म्हणून. फोटोत फार देखण्या दिसतात. अटलांटाचं वाइनकॉफ हॉटेल स्वतःला पूर्णपणे अग्निरोधक म्हणवायचं. १९४६ च्या आगीत तिथे ११९ माणसं मेली. जिना एकच आणि उघडा, आणि या झडपांतून धूर-आग थेट खोल्यांत. झडप तशीच ठेवून मागून बंद करायचा खर्च नवीन दारापेक्षा जास्त येतो, आणि बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही.

मग निदान वर्षभर चालवून वसूल करा म्हणावं, तर यातली पुष्कळ हॉटेलं एकाच मोसमासाठी बांधलेली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचं माउंट वॉशिंग्टन हॉटेल १९०२ चं. १९४४ मध्ये तिथेच जागतिक बँकेची आणि नाणेनिधीची पायाभरणी झाली, पण हिवाळ्यात ते पहिल्यांदा चाललं १९९९ साली. त्यासाठी उन्हाळ्यापुरतं बांधलेलं घर उबदार करावं लागलं. अमेरिकेतल्याच मॅकिनॅक बेटावरचं १८८७ चं ग्रँड हॉटेल मात्र अजूनही थंडीत सरळ कुलूप लावतं. मला विचाराल तर दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, पण मला कोण विचारतो!

खरी गाठ पैशाचीच आहे. जुन्या खोल्या लहान, कित्येकांना स्वतःचं न्हाणीघर नाही, म्हणून दोनाची एक करावी लागते. खोल्या कमी झाल्या की भाडं वाढवावं लागतं. वाढीव भाडं देणाऱ्याला झगमगाट हवा असतो, आणि झगमगाटाचे पैसे आम्ही आधीच भिंतीत घातलेले असतात.

मागच्या खेपेला ज्यांनी हा प्रश्न विचारला त्या गृहस्थांना मी वाद न घालता वर घेऊन गेलो. सगळ्यांत वरचा मजला, बॉयलरपासून सगळ्यांत लांबची खोली. पूर्वी तिथे बादली भरून वाहायची तरी पाणी कोमटच यायचं. म्हटलं, सोडा नळ. ते घड्याळात बघत उभे राहिले. नवव्या सेकंदाला त्यांनी झटकन हात मागे घेतला.

"छान गरम आहे," ते म्हणाले. मग खाली बघत, "पण एवढ्यात फरशीही बदलून झाली असती, नाही?"